कोलेस्टेरॉलची गोळी हृदयावर काम करतेय का, हे न्यूक्लिअर स्कॅनमध्ये कसं दिसतं

कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली की दोन-तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल होतं, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 160 वरून 80 वर आलेलं दिसतं, घरात सगळ्यांना हायसं वाटतं, आणि मग कोणीतरी विचारतंच की रक्तातला आकडा उतरला ते ठीक, पण हृदयाचं काय, तिथलं ब्लॉकेज किती विरघळलं? प्रश्न अगदी रास्त आहे. मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे, आमच्याकडे स्ट्रेस थॅलियमला, म्हणजे हृदयाच्या न्यूक्लिअर स्कॅनला, आलेले काका-काकू आणि त्यांची मुलं हे नेहमी विचारतात, "मॅडम, वर्षभर गोळी घेतली, आता किती टक्के कमी झालं ते यात कळेल ना?" कॅमेऱ्याशेजारी उभं राहून दोन मिनिटांत याचं धड उत्तर देता येत नाही, आणि अर्धवट उत्तर दिलं की माणसं गोळी बंद करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी गोळीबद्दल थोडं. आपण ज्यांना स्टॅटिन म्हणतो, म्हणजे अटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन वगैरे, त्यांची सुरुवात जपानमध्ये अकिरा एंडो यांनी 1973 च्या सुमारास एका बुरशीतून काढलेल्या पदार्थापासून झाली. लिव्हर स्वतः कोलेस्टेरॉल बनवतं त्यातली एक महत्त्वाची पायरी ही गोळी अडवते, मग लिव्हरला कोलेस्टेरॉल कमी पडतं आणि ते आपल्या पेशींवर एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. (या रिसेप्टरच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना 1985 चं नोबेल मिळालं.) पुढे 1994 मध्ये स्कँडिनेव्हियातला 4444 पेशंटचा मोठा अभ्यास आला, त्यात सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्या हृदयरोग्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांनी कमी झालं. त्यामुळे गोळी जीव वाचवते का हा वाद तेव्हाच जवळजवळ संपला.

पण कशी वाचवते हे कोडं होतं आणि इथूनच आमच्या स्कॅनची गोष्ट सुरू होते. 1990 मध्ये सिएटलच्या ग्रेग ब्राउन यांच्या टीमने एक अभ्यास छापला होता, हृदयाच्या नसांमध्ये ब्लॉकेज असलेल्या पुरुषांना अडीच वर्षं कोलेस्टेरॉल उतरवणारी जोरदार औषधं दिली आणि आधी-नंतर अँजिओग्राफी केली. ब्लॉकेज सरासरी किती कमी झालं? एखादा टक्का, तेवढाच. आणि हार्ट अटॅक, मृत्यू, बायपासची वेळ येणं वगैरे घटना किती कमी झाल्या? 73 टक्के. आता एवढासा फरक आणि एवढा मोठा फायदा याचा मेळ कसा घालायचा?

मेळ असा, की अँजिओ फक्त नळीच्या आतल्या मोकळ्या जागेची सावली दाखवते. नळीची भिंत कशी आहे, तिच्यात सूज आहे का, आतलं अस्तर नीट काम करतंय का आणि त्या नळीच्या पुढच्या स्नायूला प्रत्यक्षात रक्त किती मिळतंय हे त्या सावलीत नाही दिसत. आणि स्टॅटिनचं बरंचसं काम नेमकं तिथेच चालतं. भिंतीतला चरबीचा मऊ गोळा, म्हणजे प्लाक, आटतो, त्याच्यावरचं आवरण जाड आणि घट्ट होतं म्हणजे तो फुटून गुठळी व्हायची शक्यता कमी होते, आणि आतलं अस्तर पुन्हा नायट्रिक ऑक्साइड सोडायला लागतं, ज्याने गरज पडली की नळी सैल होऊन रुंद होते. म्हणजे टक्के तेवढेच राहिले तरी नळी आधीपेक्षा निरोगी झालेली असते. म्हणून "किती टक्के विरघळलं" या प्रश्नापेक्षा "स्नायूला गरजेच्या वेळी रक्त पुरतंय का" हा प्रश्न जास्त कामाचा आहे आणि न्यूक्लिअर स्कॅन हाच प्रश्न विचारतो.

गरजेच्या वेळी हा शब्द इथे महत्त्वाचा. सोसायटीत दुपारी तिसऱ्या मजल्यावर नळाला पाणी छान येतं, सकाळी सात वाजता सगळ्यांनी एकदम नळ सोडले की तिथेच करंगळीएवढी धार, कारण खालची पाईप गंजून अरुंद झालेली असते. हृदयाचंही तसंच होतं. लान्स गुल्ड यांनी 1974 मध्ये दाखवलं होतं की आरामात असताना नळी साधारण 85 टक्के बंद होईपर्यंत रक्तप्रवाह कमी झालेला कळतच नाही, पण जोर लावला की 50 टक्क्यांच्या आसपासच कमतरता दिसायला लागते. म्हणून आम्ही एकदा तुम्हाला ट्रेडमिलवर पळवून आणि एकदा आरामात असे दोन फोटो काढतो. ज्यांना चालवत नाही, गुडघे दुखतात, त्यांना अ‍ॅडिनोसिनसारखं इंजेक्शन देऊन नळ्या रुंद करतो, तेव्हा मिनिटभर छातीत जड वाटतं, चेहरा गरम होतो, ते लगेच जातं. याच कारणासाठी आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद सांगतात, कॅफिन त्या इंजेक्शनचा परिणाम अडवतं, आणि "एक घोट घेतला फक्त" म्हणणारे खूप भेटतात, त्यांनी कृपया आधीच सांगावं.

सकाळी आमच्याकडे काय चालतं ते सांगते, म्हणजे फोटोआधी आम्ही नसेतून देतो ते किरणोत्सर्गी औषध नेमकं काय असतं ते कळेल. नाव थॅलियम असलं तरी आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम वापरतात. लेडच्या जाड कवचात एक जनरेटर असतो, त्यात मॉलिब्डेनम अ‍ॅल्युमिनाच्या छोट्या नळकांड्यात चिकटून बसलेलं असतं आणि ते हळूहळू टेक्नेशियममध्ये बदलत राहतं. सकाळी एका बाजूने सलाइन सोडायचं, दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या बाटलीत ते ओढलं जातं आणि येताना फक्त टेक्नेशियम धुऊन आणतं, मॉलिब्डेनम तिथेच राहतं. याला आम्ही जनरेटर मिल्क करणं म्हणतो. मग ते मिबी नावाच्या पावडरच्या कुपीत टाकून 10 मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवायचं, थंड करायचं, तपासायचं, डोस मोजून सिरिंजमध्ये भरायचा. टेक्नेशियमचं अर्धं बळ 6 तासांत संपतं, म्हणून हे रोज ताजंच करावं लागतं आणि पेशंट उशिरा आला की सगळं गणित हलतं. मॉलिब्डेनमचं अर्धं बळ 66 तासांत जातं, म्हणून जनरेटरही आठवड्याभरात थकतो आणि नवा मागवावा लागतो. आपल्याकडे हा विषय घरचाच आहे खरं तर, परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर भाभा अणुसंशोधन केंद्राने 1963 मध्ये सुरू केलं आणि वाशीच्या ब्रिट या सरकारी संस्थेतून आजही देशभर आयसोटोप जातात.

ट्रेडमिलवर तुमचा दम अगदी शिगेला पोचला की हे इंजेक्शन द्यायचं आणि अजून मिनिटभर पळवायचं. जिथे रक्त जास्त पोचतंय त्या स्नायूत ते जास्त शिरतं, जिथे कमी पोचतंय तिथे कमी, आणि शिरलं की पेशींमध्ये अडकून बसतं. म्हणून फोटो अर्ध्या-पाऊण तासाने काढला तरी त्यात दिसतं ते इंजेक्शनच्या क्षणाचं चित्र. गॅमा कॅमेरा छातीभोवती फिरतो, कॉम्प्युटर हृदयाचे काप करतो आणि शेवटी एक गोल रंगीत नकाशा तयार होतो, मध्यभागी हृदयाचं टोक, कडेला वरचा भाग. त्याचे 17 तुकडे पाडून प्रत्येकाला 0 ते 4 मार्क देतात, 0 म्हणजे उत्तम, 4 म्हणजे काहीच गेलं नाही. पळतानाच्या फोटोत खड्डा आणि आरामाच्या फोटोत भरलेला असेल तर तो स्नायू जिवंत आहे पण उपाशी राहतोय, दोन्हीत खड्डा असेल तर बहुधा जुना अटॅक येऊन तिथे व्रण झालाय. गोळीने सुधारण्यासारखं काही असेल तर ते पहिल्या प्रकारात, व्रण काही गोळीने भरत नाही.

आता मूळ मुद्दा, औषधाने हा खड्डा भरतो का? भरतो, पण सगळ्यांचा नाही आणि लगेच नाही.

गुल्ड यांनीच 1994 मध्ये थोड्या पेशंटवर पेट स्कॅनने (हा वेगळ्या प्रकारचा न्यूक्लिअर स्कॅन, पुढे सांगते) दाखवलं की 90 दिवस कोलेस्टेरॉल जोरात उतरवलं तर रक्त कमी पोचणारा भाग लहान होतो आणि उपचार बंद असताना पुन्हा बिघडतो. मला त्यातला हा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि गोळी सोडणाऱ्यांना मी तोच सांगते. 1999 मध्ये जर्मनीतून फ्लुव्हास्टॅटिनवरचा अभ्यास आला, त्यात 2 महिन्यांनी एलडीएल उतरलेलं होतं पण हृदयाच्या रक्तप्रवाहात काहीच फरक नव्हता, फरक दिसला तो 6 महिन्यांनी. रॉनल्ड श्वार्ट्झ यांनी 2003 मध्ये अमेरिकेत प्रव्हास्टॅटिनवर साध्या स्पेक्ट कॅमेऱ्याने, म्हणजे वर सांगितलेल्या छातीभोवती फिरणाऱ्या गॅमा कॅमेऱ्याच्या तंत्राने, हेच पाहिलं, 6 आठवड्यांनी लिपिड सुधारलेले पण स्कॅन तसाच, आणि 6 महिन्यांनी स्कॅनही सुधारलेला. म्हणजे रक्ताचा रिपोर्ट पुढे पळतो आणि हृदय मागून येतं. तीन महिन्यांनी स्कॅन करून "काही फरक नाही" म्हणून निराश होणाऱ्या माणसाला हे माहीत असायला हवं.

आणि 2006 चा इन्स्पायर नावाचा अभ्यास. अटॅकमधून वाचलेले, आता स्थिर असलेले पण स्कॅनमध्ये मोठा भाग उपाशी दिसणारे 205 पेशंट घेतले, अर्ध्यांना भरपूर औषधं, अर्ध्यांना औषधांबरोबर अँजिओप्लास्टी (फुग्याने किंवा स्टेंटने नस मोकळी करणं) किंवा बायपास. पुन्हा स्कॅन केला तेव्हा दोन्ही गटांत खड्डे जवळजवळ सारखेच कमी झालेले. ज्यांना वाटतं स्टेंट टाकल्याशिवाय काही होतच नाही त्यांच्यासाठी हे मोठं आहे, पण यात औषधं म्हणजे फक्त स्टॅटिन नव्हती, बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके आणि ताण कमी करणारं), नायट्रेट (नसा सैल करणारं) वगैरेही होती, त्यामुळे सगळं श्रेय कोलेस्टेरॉलच्या गोळीला देऊ नये. आणि सगळीकडे असाच निकाल आलाय असंही नाही, 2008 मध्ये करेज नावाच्या, औषधं आणि प्लास्टीची तुलना करणाऱ्या अभ्यासातल्या 314 पेशंटचे स्कॅन तपासले तेव्हा औषधांबरोबर प्लास्टी केलेल्यांपैकी 33 टक्क्यांचा आणि फक्त औषधांवर असलेल्यांपैकी 19 टक्क्यांचा उपाशी भाग लक्षणीय कमी झाला होता. तुमच्यासाठी काय योग्य हे तुमचे कार्डिओलॉजिस्टच सांगतील, प्रत्येकाच्या नसा वेगळ्या.

साध्या स्पेक्टची एक मर्यादा आहे. तो हृदयाच्या एका भागाची दुसऱ्या भागाशी तुलना करतो, सगळ्यात भरलेला भाग म्हणजे 100 टक्के असं धरून. तिन्ही मुख्य नसा सारख्याच खराब असतील तर सगळंच सारखं फिकं आणि नकाशा दिसायला बरा, असं होऊ शकतं. तसंच गोळीने सगळीकडे थोडं थोडं सुधारलं तर ते या नकाशात उमटणारच नाही. यासाठी पेट स्कॅन उपयोगी, कारण तो दर मिनिटाला एक ग्रॅम स्नायूला किती मिलिलिटर रक्त मिळालं ते मोजून सांगतो. आरामात साधारण 1 मिलिलिटरच्या आतबाहेर आणि जोर लावल्यावर त्याच्या तिप्पट वगैरे असेल तर उत्तम, दुपटीपेक्षाही कमी वाढत असेल तर काळजीचं. या पटीला फ्लो रिझर्व्ह म्हणतात. नळीत मोठं ब्लॉकेज नसतानाही अस्तर आणि बारीक नसा खराब असतील तर हा आकडा पडतो, आणि स्टॅटिनने 6 महिन्यांत तो वाढल्याचं सिमव्हास्टॅटिनच्या अभ्यासातही 1999 मध्ये दिसलं होतं. अडचण एवढीच की त्यासाठीचा नायट्रोजन-13 चा अमोनिया 10 मिनिटांत अर्धा होतो, सायक्लोट्रॉन अगदी जवळ लागतो, खर्चही त्यामानाने, त्यामुळे गावोगाव हे होत नाही.

दुसऱ्या प्रकारचा पेट स्कॅन तुम्ही कॅन्सरसाठी ऐकला असेल, एफडीजी, म्हणजे किरणोत्सर्गी साखर. सुजलेल्या प्लाकमध्ये मॅक्रोफेज नावाच्या पेशी जमलेल्या असतात आणि त्या साखर भरपूर खातात, त्यामुळे तो भाग स्कॅनमध्ये चमकतो. 2006 मध्ये जपानमधल्या एका टीमने 43 जणांवर हे करून पाहिलं, काहींना फक्त पथ्य आणि काहींना सिमव्हास्टॅटिन, तीन महिन्यांनी गोळीवाल्यांच्या मानेच्या आणि महाधमनीच्या भिंतीतली चमक कमी झाली, पथ्यवाल्यांची नाही. 2013 मध्ये अटोरव्हास्टॅटिन 80 मिलिग्रॅम आणि 10 मिलिग्रॅमची तुलना झाली, जास्त डोसने सूज जास्त उतरली आणि तीही 4 आठवड्यांतच दिसायला लागली. म्हणजे सूज आधी उतरते, रक्तप्रवाह मागाहून सुधारतो. मानेच्याच नसा का बघतात, तर हृदयाच्या नसा जेमतेम 2-4 मिलिमीटरच्या, त्यात सतत हलणाऱ्या, आणि हृदयाचा स्नायू स्वतःच साखर खातो त्यामुळे त्याच्या झगमगाटात नस हरवते.

आता इथे थोडं थांबायला हवं, कारण चमक कमी झाली म्हणजे फायदा झालाच असं समजणं धोक्याचं आहे. डॅल्सेट्रापिब नावाचं एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, वाढवणारं औषध होतं, 2011 मध्ये त्याच्या स्कॅनच्या अभ्यासात नसांमधलं चित्र बरं दिसलं होतं, आणि 2012 मध्ये पंधरा हजारांवर पेशंटचा मोठा अभ्यास थांबवावा लागला कारण अटॅक काही कमी होत नव्हते. उलटही झालंय. इव्होलोक्युमॅब या एलडीएल उतरवणाऱ्या इंजेक्शनने 2017 मध्ये 27,564 पेशंटमध्ये हृदयविकाराच्या घटना 15 टक्क्यांनी कमी केल्या, पण 2019 मध्ये लायपोप्रोटीन ए (एलडीएलसारखाच रक्तातला एक घातक कण) वाढलेल्या लोकांवर एफडीजी स्कॅन केले तेव्हा एलडीएल 60 टक्के उतरूनही नसांची सूज तशीच होती. कॅल्शियम स्कोअर, म्हणजे सीटी स्कॅनने मोजलेलं हृदयाच्या नसांमधलं कॅल्शियम, तर आणखी गोंधळात टाकतो, स्टॅटिनवर असताना तो वाढू शकतो कारण मऊ प्लाक घट्ट होताना त्यात कॅल्शियम बसतं, आणि बिचारे पेशंट घाबरून गोळी बंद करतात. स्कॅन औषधाची वाट दाखवतो, औषध माणसाला जगवतं की नाही हे हजारो माणसांना वर्षानुवर्षं पाहूनच ठरतं.

मग तुम्ही गोळी लागू पडतेय का ते बघायला स्ट्रेस थॅलियम करावं का? माझं स्पष्ट मत, त्रास काही नसेल तर नाही, आणि जगभरच्या कार्डिओलॉजीच्या संस्थाही लक्षणं नसलेल्यांना दरवर्षी स्ट्रेस इमेजिंग नको असंच सांगतात. गोळी काम करतेय का हे लिपिड प्रोफाइल सांगतं, सुरू केल्यावर 4 ते 12 आठवड्यांत एकदा आणि मग डॉक्टर म्हणतील तसं, त्याला खर्चही थोडा. टेक्नेशियमच्या दोन्ही फोटोंना मिळून साधारण 10 मिलिसिव्हर्ट रेडिएशन जातं, निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी 2.4 मिळतं, म्हणजे घाबरण्यासारखं अजिबात नाही पण कारण नसताना घेण्यासारखंही नाही. छातीत पुन्हा दुखायला लागलं, जिना चढताना आधीपेक्षा लवकर दम लागतो, किंवा आधीच्या स्कॅनमध्ये मोठा भाग उपाशी होता आणि डॉक्टरांनी औषधावर ठेवून पुढे काय करायचं ते ठरवायचंय, तेव्हा पुन्हा स्कॅनला अर्थ आहे. आणि स्कॅन नॉर्मल आला तर आनंदाचीच गोष्ट, पुढच्या वर्षभरात अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू यायची शक्यता सरासरी 1 टक्क्यापेक्षा कमी असते, पण तो नॉर्मल गोळी चालू असताना आलेला असतो हे विसरून गोळी सोडू नका, मी अगदी हात जोडून सांगते.

पुन्हा करायचाच असेल तर दोन्ही वेळा सगळं सारखं हवं, आधी ट्रेडमिलवर झाला असेल तर शक्यतो पुन्हा ट्रेडमिलवरच, तेच किरणोत्सर्गी औषध, जमलं तर तोच कॅमेरा. बीटा ब्लॉकर आणि नायट्रेट खड्डे झाकू शकतात, म्हणून पहिल्या वेळी बंद ठेवून केला आणि दुसऱ्या वेळी चालू असताना केला तर सुधारणा कोलेस्टेरॉलच्या गोळीची की त्यांची हे सांगता येणार नाही, या गोळ्या बंद करायच्या की नाही ते मात्र डॉक्टरच ठरवतील, स्वतःच्या मनाने अजिबात नाही. वजन बरंच कमी-जास्त झालं असेल तेही सांगा, पोट, छाती आणि डायफ्रामच्या (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या) सावलीने खोटे खड्डे दिसतात. उपाशी भाग 5 टक्क्यांपेक्षा कमी बदलला असेल तर तो खरा फरक आहे असं छातीठोकपणे कोणी म्हणणार नाही. आणि येताना नुसता छापील रिपोर्ट आणू नका, जुनी सीडी आणा, त्यातले मूळ फोटो आमच्या कॉम्प्युटरवर नव्याने उघडून दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लावता येतात, रिपोर्टच्या कागदावरच्या रंगांवरून ते जमत नाही.